मोजणीसाहेब आणि गळालेल्या फ्रेमी

लातुरात खोली शोधताना घरमालक काय काय विचारतात ते मला तोंडपाठ झालं होतं. गाव कोणतं, लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं. मोजणीसाहेबांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं मिक्सर आहे का?"

मी आहे म्हणाले.

"किती वॅटचा?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी माहूरची. एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लातूरला आले होते आणि मिक्सर आईनं पिशवीत घालून दिला होता.

"बघून सांगा," ते म्हणाले. "दुपारी एक ते चार लावायचा नाही. इस्त्री नाही, गिझर नाही. बाकी पाहुणे कितीही येऊ द्या."

या अटीवर मला वरची खोली मिळाली आणि तिथं मी चार वर्षं राहिले. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, त्याच दिवशी मला जिन्यात गाठून सांगितलं, "घाबरू नका बाई. माणूस चांगला हाय. फक्त एक ते चार खालच्या खोलीत बाळंतीण निजलीय असं समजायचं."

बाळंतीण म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर.

सगळी गल्ली त्यांना मोजणीसाहेब म्हणायची. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची उभी नोकरी झाली होती. आधी साखळी ओढली, मग तिपाईवर नकाशाचा फलक लावला, शेवटी शेवटी यंत्रं आली ती शिकून घेतली. चालायचे ते मोजून. बाजारातल्या गोलाईपासून घर किती लांब आहे असं कुणी विचारलं तर ते किलोमीटर सांगत नसत, पावलं सांगत, आणि कोणत्या बाजूनं आल्यावर तेही विचारून घेत. उदगीरकडच्या एका शिवारात दोन भाऊ हातभर पट्टीवरून भांडत होते. साहेबांनी भर उन्हात तिसऱ्यांदा मोजणी लावली तेव्हा त्यातला थोरला कंटाळून म्हणाला, "साहेब, जाऊ द्या, सोडली मी ती पट्टी." साहेब म्हणाले, "तुम्ही सोडाल हो. मी कशी सोडू?" ही हकीकत काकू दर दोन महिन्यांनी सांगायच्या, आणि शेवटचं वाक्य आलं की कपाळाला हात लावायच्या.

असा माणूस निवृत्त झाला. आठ दिवस त्यांनी घरातल्या फरश्या मोजल्या असतील. मग पुण्याहून मुलीचा फोन आला की बाबा, माझ्या लग्नाची कॅसेट खराब व्हायच्या आत कॉम्प्युटरवर घ्या. साहेबांनी ओळखीच्या माणसाकडून जुना व्हीसीआर आणला, कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारी कॅप्चरची एक डबी आणली, भाच्याकडून सगळं जोडून घेतलं आणि कॅसेट लावली. तीन तासांनी लग्न संपलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ आली. गळालेल्या फ्रेमी: दोनशे बारा.

दुसऱ्या कुणीही ती ओळ न वाचता खिडकी बंद केली असती. साहेबांनी भाच्याला परत बोलावलं. भाच्यानं समजावलं की व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला पंचवीस चित्रं, एकामागं एक. त्यातलं एखादं कॉम्प्युटरला वेळेवर उचलता आलं नाही तर ते सुटतं. डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

साहेबांनी कागदावर भागाकार केला. "म्हणजे आठ सेकंद आणि वर बारा फ्रेमी," ते म्हणाले. "माझ्या मुलीच्या लग्नातले आठ सेकंद कुठं गेले?"

भाचा पुन्हा त्या घरी आला नाही.

मी राहायला गेले तोवर या शोधाला वर्ष होऊन गेलं होतं. साहेबांची पद्धत खात्यातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कॅसेट पहिल्यापासून लावायची, आकडा लिहायचा. अँटिव्हायरस बंद: एकशे नव्वद. स्क्रीनसेव्हर बंद: एकशे अठ्ठ्याऐंशी. इंटरनेटची वायर उपटली. हार्ड डिस्क पुसून, आवरून घेतली, मग कॅप्चरसाठी वेगळीच बसवली. डबी मागच्या भोकातून काढून पुढच्या भोकात लावली, पुढच्या भोकातून मागच्या. पडद्यावरचा गणपतीचा फोटो काढून तिथं नुसता काळा रंग ठेवला. त्यावर काकू म्हणाल्या, "देवच काढून टाकला. आता फ्रेम कशाच्या भरवशावर ऱ्हाईल?" त्या दिवशी नेमक्या पाच फ्रेमी जास्त गळाल्या आणि साहेबांनी तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

मग त्यांचं लक्ष घराबाहेर गेलं. गल्लीच्या तोंडाशी एक डाळमिल होती. तिची मोटर सुरू झाली की आमचे दिवे क्षणभर मान टाकायचे. साहेबांनी पंधरा दिवस मोटर सुरू होण्याच्या वेळा आणि फ्रेमी गळण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या आणि वही घेऊन मिलवर गेले. मिलचे शेठ भला माणूस. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, समजलं काहीच नाही, पण सरकारी माणसाचं अक्षर बघून ते गंभीर झाले.

"साहेब, मग मिल बंद ठेवू का?"

"बिलकुल नको," साहेब म्हणाले. "फक्त मोटर लावायच्या आधी मला एक फोन करत जा."

आणि शेठ खरंच फोन करायचे. दुपारी जेवण उरकून माणसं कामावर आली की खालच्या खोलीत फोन वाजायचा. "साहेब, चालू करून राहिलो." साहेब कॅसेट थांबवायचे, दिवे सावरले की पुढं न्यायचे. सहा-सात महिने हे असं चाललं. पुढं साहेबांनी बॅटरीचा मोठा डबा आणला, विजेचा प्रश्न मिटला, आणि फ्रेमी होत्या तशाच गळत राहिल्या. मिल निर्दोष ठरली. साहेबांनी मिलवर जाऊन शेठना तसं स्वतः सांगितलं. शेठचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना त्या फोनची सवय झाली होती.

एव्हाना गल्लीतले लोक आपापल्या कॅसेटी आणून द्यायला लागले होते. बारशी, साखरपुडे, जावळं. काम फुकट होतं, त्यामुळे घाई करायची सोय कुणालाच नव्हती. साहेब प्रत्येकाला सीडीबरोबर एक कागद देत. कुठं किती गळालं त्याचा तपशील. समोरच्या शिंप्याला त्याच्या लग्नाची सीडी दिली तेव्हा कागदावर लिहिलं होतं, 'अक्षता पडताना तीन.' शिंप्यानं ते दोनदा वाचलं. तो म्हणाला, "म्हंजे साहेब, लगीन लागलं म्हणायचं का न्हाई?"

"लागलं असावं," साहेब म्हणाले. "पण पूर्ण पुरावा माझ्याकडं नाही."

शिंप्याची तीन पोरं त्या वेळी दुकानात कापडाच्या चिंध्यांत खेळत होती.

गळतीचं खरं कारण सापडलं ते माझ्यामुळं, पण त्यात माझी हुशारी काडीची नव्हती. नऊ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. काकू देवळात गेलेल्या. मी वरून ओरडले, "काका, पाणी." साहेब कॅप्चर चालू असतानाच उठले, जाता जाता पडद्यावरची चित्राची खिडकी मिटवली आणि हौदाकडं धावले. तास-दीड तासानं परत येऊन बघतात तर खालच्या ओळीत शून्य.

ते जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आले. चार वर्षांत ते वर आले ते तेवढेच एकदा. हातात बादली तशीच होती.

"मॅडम," ते म्हणाले, "मी बघतो म्हणून गळतं."

झालं होतं असं की कॅसेट चालू असताना कॉम्प्युटर दोन कामं करत होता. चित्र साठवायचं आणि तेच चित्र साहेबांना पडद्यावर दाखवायचं. त्या जुन्या यंत्राला दोन्ही झेपत नव्हतं. दाखवण्याच्या नादात साठवायचं राहून जात होतं. दोन वर्षं साहेब डोळ्यांत तेल घालून गळती शोधत बसले होते, आणि ती त्यांच्या बघण्यानंच होत होती. त्यांनी तीन वेळा खात्री करून घेतली. बघितलं की गळायचं, नाही बघितलं की शून्य.

त्यांना आनंद झाला असं म्हणवत नाही. त्या दिवसापासून ते खुर्ची उलटी फिरवून, भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. मागं व्हीसीआर घरघरायचा, कुणाच्या तरी वरातीचा बँड वाजायचा, आणि साहेब समोरच्या कॅलेंडरवरची एकादशी बघत बसायचे. काकू चहा ठेवून जाताना म्हणायच्या, "आता कसं, शिक्षा दिल्यासारखे बसलेत." पण शून्य येत होतं. गल्लीतल्या लोकांना कागद मिळेनासा झाला. शिंपी आपली कॅसेट परत घेऊन आला आणि या वेळी लग्न पूर्ण लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर साहेब माझ्या लक्षात एक गमतीदार घरमालक म्हणून राहिले असते.

माझ्याच क्लासमध्ये सुजाता भौतिकशास्त्र शिकवायची. घर नांदेडला. रविवारी जायची, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत यायची. तिचे वडील इस्लापूरच्या बाजूला एका शाळेत मुख्याध्यापक होते. ते वारून सात वर्षं झाली होती. त्यांच्या निरोपसमारंभाची एक कॅसेट घरात होती. चाळीस मिनिटांची. त्यात अकरा मिनिटं ते स्वतः बोलले होते. फोटो पुष्कळ होते, पण त्यांचा आवाज आणि हलताबोलता माणूस एवढ्या एका कॅसेटमध्येच उरला होता. नांदेडच्या घरी पावसाचं पाणी शिरलं तेव्हा कॅसेटचा डबा ओला झाला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला साहेबांकडं घेऊन गेले. साहेबांनी कॅसेट उजेडाकडं धरली, झाकण उचलून आतली पट्टी पाहिली आणि म्हणाले, "बुरशी आहे. पण होईल."

सुजाता म्हणाली, "काका, जरा लवकर होईल का? आईला काचबिंदू आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, त्यांना जे दाखवायचं असेल ते दाखवून घ्या."

"होईल," साहेब म्हणाले. ते अजून पट्टीकडंच बघत होते.

पहिल्या फेरीत चौतीस फ्रेमी गळाल्या. साहेब भिंतीकडं तोंड करून बसले होते, सगळं बंद होतं, तरीही चौतीस. या वेळी दोष कॉम्प्युटरचा नव्हता. पट्टीवरच्या खुणाच जागोजागी पुसल्या होत्या आणि त्या जागी आल्यावर डबीला चित्र कुठं सुरू होतं तेच कळत नव्हतं. हे मला साहेबांनीच समजावून सांगितलं, अगदी नीट. म्हणजे त्यांना ते पूर्ण कळलेलं होतं.

"मग आहे ते देऊन टाकू या," मी म्हणाले.

"अपूर्ण प्रत?"

"काका, चाळीस मिनिटांत दीड सेकंद कमी आहे."

"नकाशावर 'अंदाजे' लिहून चालत नाही, मॅडम."

त्यांनी व्हीसीआर उघडून आतले पट्टी वाचणारे हेड स्पिरिटनं पुसले. कॅसेट खोलली, पट्टी नव्या डब्यात भरली, मऊ कापडानं इंच इंच पुसली. दुसऱ्या फेरीला एकतीस. तिसऱ्या फेरीला बावन्न. मग औसा रोडच्या एका दुकानातून दुसरा व्हीसीआर मिळवला, त्यावर चौथी. अठ्ठावीस. दर खेपेला पट्टीवरची थोडी काळी पूड हेडवर उतरायची. ती पूड म्हणजे त्या चित्राचाच कण न् कण होता, आणि साहेब ती कापसानं पुसून टाकायचे.

सुजाता दर सोमवारी विचारायची. मी दर सोमवारी काहीतरी सांगायची. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी तिनं विचारलंच नाही. मधल्या सुट्टीत म्हणाली, "काल आई मला ताट वाढून देत होती. आमटी ताटाबाहेर ओतली."

त्या दुपारी साहेब स्पिरिट आणायला गेले होते. मी खाली गेले. काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. मी काय करायला आले ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "टेबलावरच्या वहीला हात लावू नका, त्यांना कळतंय. बाकी काय करायचं ते करा. मी दारात बसते."

साहेब काहीही पुसून टाकत नसत. 'अपूर्ण' नावाच्या कप्प्यात चारही फेऱ्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. घाईत मला फक्त पहिलीच सुचली. ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि संध्याकाळी सुजाताला दिली. मंगळवारी तिनं रजा टाकली आणि ती नांदेडला गेली. साहेबांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. त्यांना वाईट वाटेल, हे एक. आणि खरं सांगायचं तर, मला माझी खोली सोडायची नव्हती.

पुढं महिनाभर एक विचित्र गोष्ट चालली. ज्यांच्यासाठी काम होतं त्यांच्याकडं ते पोचलेलं होतं, आणि साहेब खाली दुपारी एक ते चार तेच काम करत होते. पाचवी फेरी, सव्वीस. सुजाता कधी भेटली की मान खाली घालून विचारायची, "काका, झालं का हो?" साहेब म्हणायचे, "होत आलं." मला दोघांच्याही तोंडाकडं बघवत नसे.

दिवाळी झाली आणि सहाव्या फेरीला पट्टी तुटली.

मी घरातच होते. खालून करकर आवाज आला, मग काहीच नाही. मी गेले तेव्हा साहेब व्हीसीआरचं झाकण काढून उभे होते. आतल्या फिरत्या ड्रमला पट्टी गुंडाळली जाऊन तिचा बोळा झाला होता. ती जागोजागी दुमडली होती, चिरली होती. ती पुन्हा कशावरच लागणार नव्हती, हे मलाही दिसत होतं.

"हद्दीचा दगड मीच उपटला, मॅडम," ते म्हणाले.

काकू दारात आल्या, बघितलं, आणि परत गेल्या.

रविवारी साहेब सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. त्यांना नांदेडला जाऊन सुजाताच्या आईची समक्ष माफी मागायची होती. बरोबर तुटलेली कॅसेट, पहिल्या फेरीची प्रत आणि कुठं किती गळालं त्याचा कागद. पहिलीच का, असं मी विचारलं. पट्टी शाबूत होती तेव्हाची ती आहे, असं त्यांचं उत्तर होतं. त्यांना एकट्याला पाठवणं मला शक्य नव्हतं. बसस्टँडवरून मी सुजाताला फोन लावला, तिनं उचलला नाही. मग मेसेज केला: आम्ही येतोय, टीव्ही बंद ठेव.

एसटीत साहेब खिडकीशी बसले. अहमदपूरला कंडक्टर चहाला उतरला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांना आता कितपत दिसतं?"

"कमीच," मी म्हणाले.

"पोळ्याला किती दिसत होतं?"

"आतापेक्षा बरं."

त्यांनी मान हलवली. लोहा येईपर्यंत ते हातातल्या पिशवीचे बंद सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. त्या वेळी मी त्यांना सांगून टाकायला हवं होतं. दोनदा तोंडही उघडलं. पण एवढा वेळ गप्प राहिल्यावर आता कोणत्या वाक्यानं सुरुवात करायची ते मला सुचेना.

सुजातानं मेसेज वाचला तो आम्ही दारात उभे असताना. दार उघडंच होतं. आतून माणसाचा आवाज येत होता, सावकाश, शाळेत सवय झालेल्या माणसाचा. "विद्यार्थी मित्रांनो, मी काही तुम्हाला सोडून जात नाही." बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टीव्ही होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, लाकडी स्टुलावर, सुजाताची आई बसली होती. पुढं वाकून, नाक जवळजवळ काचेला लागलेलं.

पडद्यावर गुरुजींची मान डावीकडून एकदम उजवीकडं उडाली. मधली हालचालच नव्हती.

साहेब उंबऱ्यातच थांबले. "ही पहिली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "चौतीसवाली."

"हो," मी म्हणाले.

"कधी दिली?"

"दसऱ्याच्या आधी."

"म्हणजे महिना होऊन गेला." ते टीव्हीकडंच बघत होते. "मला विचारायला पाहिजे होतं."

"काका, तुम्ही दिली नसती."

"नसती दिली," ते म्हणाले. मग चपला काढता काढता, "बरं झालं."

सुजातानं घाईघाईनं सतरंजी टाकली. आईला म्हणाली, "आई, लातूरचे काका आलेत. कॅसेटवाले." म्हातारीनं मान वळवली, साहेब उभे होते त्याच्या जरा बाजूला बघून हात जोडले. "जयभीम. या, बसा. लई उपकार केलेत भाऊ तुम्ही. आमचं माणूस घरात आणून बसवलंत."

साहेबांची माफी तिथंच अडकली. त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली, परत ठेवली. मग खिशातून तो कागद काढला. निदान तेवढा हिशोबाचा भाग त्यांना जमत होता.

"ताई," ते म्हणाले, "ही प्रत पूर्ण नाही. हिच्यात चौतीस चित्रं कमी आहेत. आता मघाशी गुरुजींची मान एकदम इकडून तिकडं उडाली ना, ती तशी उडालेली नाही. मधली चार चित्रं गळाली आहेत. दोष माझ्याकडचा आहे."

म्हातारी हसली. "न्हाई हो भाऊ. त्यांची मान तशीच उडायची. बोलता बोलता असा झटका द्यायचे. पोरं शाळेत नक्कल करायची त्यांची."

"पण ताई, यंत्रात तसा आकडा—"

"यंत्राला काय ठाव. चाळीस वर्षं मी समोर बसून जेवू घातलंय."

साहेबांनी कागदाकडं बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांनी कुणाची चूक दुरुस्त न करता सोडलेली मी चार वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

सुजाताच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं मधेच थांबलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

म्हातारी म्हणाली, "आता डोळं काही लई दिवसाचं न्हाईत. डॉक्टरनं सांगितलंय, मी काही रडत बसले न्हाई. पण मला एक सांगा भाऊ, आवाजात काही गळलंय का? पुढं मला तेवढाच पुरवायचाय."

साहेब ताठ बसले. हा प्रश्न त्यांना येत होता. "आवाज वेगळ्या वाटेनं येतो, ताई," ते म्हणाले. "त्यातला एक शब्दही गेलेला नाही. मी पाच वेळा पूर्ण ऐकलाय. गुरुजी मधे एकदा खोकतात, ते खोकणंसुद्धा आहे."

"हाय का ते?" ती म्हणाली. "मग झालं."

आम्ही जेवूनच निघालो. ज्वारीची भाकरी आणि पिठलं. पुढच्या आठवड्यात साहेबांनी नुसता आवाज वेगळा काढून एका छोट्या यंत्रावर भरला, एकच मोठं बटण असलेलं यंत्र शोधून आणलं आणि बुधवारी सुजाताच्या हाती दिलं. पुन्हा तपासायला ठेवून घेतलं नाही. वर्षभरात म्हातारीची दृष्टी पूर्ण गेली. ते यंत्र तिच्या उशाशी असायचं, असं सुजाता सांगायची.

त्या रविवारी निघताना सुजाता आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली होती. साहेब पुढं चालत होते, पावलं मोजत असणार. मी तिला हळूच विचारलं, "बाबांची मान खरंच तशी उडायची?"

"नाही ग," ती म्हणाली. "बाबा अगदी शांत बोलायचे. वर्गात हातसुद्धा हलवायचे नाहीत." मग म्हणाली, "आईला आता ते तसेच आठवतात, की तिनं काकांना वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, मला खरंच कळलं नाही."

परतीच्या एसटीत साहेबांनी पुन्हा खिडकी धरली. बराच वेळ बाहेर कापसाची रानं मागं जात होती. अहमदपूरच्या अलीकडं त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "मॅडम, गुरुजींची मान खरंच झटका द्यायची का हो?"

"हो," मी म्हणाले. "सुजाताही तेच म्हणाली."

त्यांनी खिशातून कागद काढला, मांडीवर पसरला. गाडी खड्ड्यातून जात होती म्हणून थोडं थांबले. मग पेनाचं टोपण काढून वरचा चौतीसचा आकडा एका रेघेनं खोडला आणि शेजारी सावकाश, त्यांच्या त्या सरकारी अक्षरात, तीस लिहिलं.